'तोस्का' आणि टाळ्या : ऑपेराचे गायक, त्यांचे श्रोते आणि दाद देण्याची रीत

ऑपेराचा रंगलेला प्रयोग संपतो तेव्हा प्रेक्षागृहात जे घडतं ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करतं. एरवी शांत, शिष्ट वाटणारी माणसं उभी राहून ओरडू लागतात, सज्जातून फुलं पडतात, पडदा पुन्हा पुन्हा उघडावा लागतो. हा उत्साह नुसत्या कौतुकाचा नसतो. समोरच्या माणसानं आपल्यासाठी काय पणाला लावलं हे त्या श्रोत्यांना कळलेलं असतं. ही दाद कशी घडते, कुठे शोभते आणि कुठे प्रयोगालाच बाधा आणते, हे समजून घेण्यासाठी जाकोमो पुच्चिनी यांचा 'तोस्का' हा ऑपेरा फार सोयीचा आहे. कारण त्याची नायिका स्वतःच एक लोकप्रिय गायिका आहे.

कथा एका गायिकेची

'तोस्का' घडतो रोममध्ये, जून १८०० मध्ये. फ्लोरिया तोस्का ही रोमची लाडकी ऑपेरा गायिका. तिचा प्रियकर मारिओ कावारादोस्सी हा चित्रकार. तो चर्चमध्ये चित्र रंगवत असताना तुरुंगातून पळालेला एक राजकीय कैदी तिथे आश्रयाला येतो आणि कावारादोस्सी त्याला लपवतो. पोलिसप्रमुख बॅरन स्कार्पियाला कैदी हवा आहे आणि तोस्काही हवी आहे. दुसऱ्या अंकात तो कावारादोस्सीचा छळ करवतो, त्याच्या किंकाळ्या तोस्काला ऐकवतो आणि अखेर सौदा मांडतो : तिनं स्वतःला त्याच्या हवाली केलं तर प्रियकराला खोट्या गोळीबारातून सोडवलं जाईल. तोस्का होकार देते, सुटकेचा परवाना लिहून होईपर्यंत थांबते आणि त्याच्याच जेवणाच्या मेजावरची सुरी त्याच्या छातीत खुपसते.

तिसरा अंक पहाटे, संत आंजेलो किल्ल्याच्या गच्चीवर. तोस्का कावारादोस्सीला समजावते की गोळीबार खोटा आहे, तू रंगमंचावरच्या नटासारखा नीट पड. बार उडतात, तो कोसळतो, आणि ती त्याच्या पडण्याचं कौतुक करते. अभिनय वाटलेलं ते मरण खरं असतं. स्कार्पियानं मरण्याआधीच तिला फसवलेलं असतं. हे उमगताच ती किल्ल्यावरून उडी टाकते.

म्हणजे या ऑपेराच्या शेवटी एक कलावंत दुसऱ्याला दाद देते आणि ती दाद भयंकर चुकीच्या ठिकाणी पडते. पुच्चिनी आणि त्यांचे संहितालेखक लुइजी इल्लिका व जुझेप्पे जाकोझा यांनी दाद हाच विषय नाटकाच्या गाभ्यात ठेवला. मूळ कथा फ्रेंच नाटककार व्हिक्तोरिअँ सार्दू यांची. त्यांनी ते नाटक १८८७ मध्ये सारा बर्नार्ड या थोर अभिनेत्रीसाठी लिहिलं होतं. स्कार्पियाच्या प्रेताशेजारी मेणबत्त्या ठेवून छातीवर क्रूस ठेवण्याची विलक्षण कृती बर्नार्डच्या प्रयोगातूनच ऑपेरात आली आणि आजही बहुतेक प्रयोगांत दिसते.

पहिली रात्र : १४ जानेवारी १९००

पहिला प्रयोग रोमच्याच कोस्तान्झी नाट्यगृहात झाला. तोस्काच्या भूमिकेत रुमानियन सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) हारिक्लेआ दार्क्ले, कावारादोस्सी म्हणून एमिलिओ दे मार्की आणि स्कार्पिया म्हणून एउजेनिओ जिराल्दोनी. राणी मार्गेरिता आणि पंतप्रधान प्रेक्षागृहात होते. इटलीत तो राजकीय अस्वस्थतेचा काळ होता आणि वातावरण तणावाचं होतं. प्रयोग सुरू होताच उशिरा येणाऱ्यांच्या गोंगाटानं इतका गोंधळ झाला की पडदा पाडून पुन्हा सुरुवात करावी लागली.

समीक्षकांचं मत मिश्र होतं. छळ, हत्या, आत्महत्या असलेलं हे कथानक अनेकांना फार भडक वाटलं. श्रोत्यांनी मात्र त्याच रात्री काही पदं पुन्हा म्हणवून घेतली, आणि पुढचे वीस प्रयोग भरगच्च गर्दीत झाले. समीक्षक आणि श्रोते यांच्यातला हा फरक नंतरही टिकला. १९५६ मध्ये अमेरिकन संगीतअभ्यासक जोसेफ कर्मन यांनी आपल्या पुस्तकात 'तोस्का'वर अत्यंत कठोर टीका केली. ते पुस्तक आजही अभ्यासलं जातं आणि 'तोस्का' आजही जगातल्या सर्वाधिक सादर होणाऱ्या ऑपेरांपैकी एक आहे. माझ्या मते इथे श्रोते बरोबर होते. या संगीतातला आवेग भडक म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तो प्रत्येक क्षणी एखाद्या माणसाच्या भीतीतून, मत्सरातून किंवा प्रेमातून उगवलेला आहे.

मायक्रोफोनशिवाय

ऑपेराच्या दादीमागचं पहिलं कारण शारीरिक आहे. गायकाच्या आणि श्रोत्याच्या मधे कोणतंही यंत्र नसतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० श्रोते बसतात, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात सुमारे २,०००. रंगमंचापुढच्या खड्ड्यात पुच्चिनीचा मोठा वाद्यवृंद वाजत असतो आणि तो ओलांडून एका गळ्यातला आवाज वरच्या सज्जातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

हे नुसत्या जोरानं साधत नाही. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंदबेरी यांनी याचा सखोल अभ्यास केला. वाद्यवृंदाची ध्वनिशक्ती साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि त्यापुढे ओसरत जाते. तालीम घेतलेला टेनर किंवा बॅरिटोन (उंच किंवा मध्यम पट्टीचा पुरुष गायक) गाताना घशाची आणि स्वरयंत्राची ठेवण अशी करतो की त्याच्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास शक्तीचा एक ठसठशीत उंचवटा तयार होतो. वाद्यवृंद जिथे क्षीण होतो नेमका तिथे त्याचा आवाज तळपतो, आणि माणसाचा कानही त्याच पट्ट्यात अधिक तीक्ष्ण असतो. सोप्रानोची युक्ती थोडी वेगळी. उंच स्वरांवर ती तोंडाची ठेवण बदलून मुखातला नाद त्या स्वराशी जुळवून घेते. म्हणूनच अगदी वरच्या स्वरांवर शब्दांतले स्वर अस्पष्ट होतात, पण आवाज वाद्यवृंदावर सहज तरंगतो.

याला वर्षांची मेहनत लागते. शिवाय दर प्रयोगाला ते नव्यानं साधावं लागतं. सर्दी, थकवा, मनावरचा ताण, काहीही आड येऊ शकतं. दुसऱ्या अंकात कावारादोस्सी विजयाची आरोळी देतो तो लांबवलेला स्वर, तिसऱ्या अंकात खुनाची हकीकत सांगताना तोस्काला घ्यावा लागणारा तारसप्तकातला उंच षड्ज, हे स्वर फुटले तर ते दोन हजार माणसांसमोर फुटतात. श्रोत्यांना ही जोखीम ठाऊक असते. स्वर पूर्ण लागतो तेव्हा उसळणाऱ्या टाळ्यांत सुटकेचा निःश्वासही मिसळलेला असतो.

आवेग आणि ताबा

'तोस्का'च्या प्रयोगाबद्दल बोलताना लोक नेहमी गायकांच्या आवेगाबद्दल बोलतात. तो आवेग कसा घडतो हे पाहायचं तर मारिया कॅलस आणि तीतो गोब्बी यांच्याकडे वळावं लागतं.

कॅलसनं ही भूमिका पहिल्यांदा १९४२ मध्ये अथेन्समध्ये केली, तेव्हा तिनं वयाची विशीही गाठली नव्हती. १९५३ मध्ये ला स्कालाच्या वाद्यवृंदासह तिचं ध्वनिमुद्रण झालं. कावारादोस्सी जुझेप्पे दि स्तेफानो, स्कार्पिया गोब्बी, संचालन व्हिक्तोर दे साबाता यांचं. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी 'तोस्का'चं नवं ध्वनिमुद्रण आलं की त्याची तुलना याच मुद्रणाशी होते. पुढे जानेवारी १९६४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये फ्रांको झेफिरेल्ली यांच्या दिग्दर्शनाखाली कॅलस आणि गोब्बी पुन्हा एकत्र आले. त्यातला दुसरा अंक त्याच वर्षी फेब्रुवारीत दूरचित्रवाणीसाठी चित्रित झाला, त्यामुळे आज आपण तो पाहू शकतो.

त्या चित्रीकरणात कॅलसचा आवाज पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही, वरचे स्वर थरथरतात. तरीही नजर हटत नाही. मेजावरची सुरी तिला दिसते तो क्षण पाहावा. तिची हालचाल थांबते, विचार तिच्या मनात उमटतो आणि तो पक्का होतो, आणि हे सगळं वाद्यवृंदाच्या लयीत घडतं. गोब्बी तर आवाज न वाढवता भीती निर्माण करतात. त्यांचा स्कार्पिया सभ्य आहे, रुबाबदार आहे, म्हणून जास्त घातकी वाटतो. दोघांचा आवेग काटेकोर ताब्यातून येतो. गाताना खरंच हुंदका आला तर गळा बंद होतो. श्रोत्याला रडवायचं असेल तर गायकाला श्वास सांभाळावाच लागतो.

कॅलसचा शेवटचा ऑपेरा प्रयोग 'तोस्का'चाच होता, कॉव्हेंट गार्डनमध्ये, ५ जुलै १९६५ रोजी. ती तेव्हा ४१ वर्षांची होती. त्याआधी मार्चमध्ये न्यूयॉर्कला तिनं दोनच प्रयोग केले. अनेक वर्षांनी ती तिथल्या रंगमंचावर परतत होती, आणि तिला ऐकण्यासाठी लोक नाट्यगृहाबाहेर रात्र रात्र रांगेत थांबले होते.

दाद नेमकी कुठे द्यायची?

जुन्या इटालियन ऑपेरात हा प्रश्न सोपा होता. पद सुरू होई, पूर्ण होई, वाद्यवृंद ठसठशीत शेवट करी आणि टाळ्यांसाठी जागा मिळे. पुच्चिनीच्या काळापर्यंत संगीत सलग वाहू लागलं होतं. 'तोस्का'त तीन ठिकाणी श्रोते हमखास टाळ्या वाजवतात : पहिल्या अंकातलं चित्रकाराचं पद, दुसऱ्या अंकातली तोस्काची प्रार्थना 'विसी दार्ते' आणि तिसऱ्या अंकातलं मरणापूर्वीचं कावारादोस्सीचं पद 'ए लुचेवान ले स्तेले'. या प्रत्येक पदानंतर थांबायचं की पुढे जायचं हे संचालक त्या त्या रात्री ठरवतो. टाळ्या उसळल्या तर तो हात खाली घेतो आणि गायक त्याच मुद्रेत स्तब्ध राहतो.

'विसी दार्ते'बद्दल स्वतः पुच्चिनींच्या मनात शंका होती. या पदामुळे नाट्याची गती थांबते असं त्यांना वाटे. मारिया येरित्सा या सोप्रानोनं ते जमिनीवर पालथं पडून गायलं तेव्हा त्यांना ते फार आवडलं, कारण त्यामुळे गायिकेचं उभं राहून गाणं सादर करणं नाहीसं झालं आणि हतबल बाई उरली. या पदानंतर येणाऱ्या टाळ्या म्हणूनच नाजूक जागी येतात. गायिकेला त्या स्वीकाराव्या लागतात आणि तोस्काच्या वेदनेतून बाहेरही पडता येत नाही. चांगली गायिका टाळ्या चालू असताना मान लववत नाही, हसत नाही. ती तोस्काच राहते.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे रिखार्ड वाग्नर यांची परंपरा. १८८२ मध्ये बायरॉइटला 'पार्सिफाल'चा पहिला प्रयोग झाला तेव्हा गायकांनी मधे पडद्यापुढे येऊन वातावरण मोडू नये अशी वाग्नरची इच्छा होती. श्रोत्यांनी त्याचा अर्थ टाळ्याच वाजवायच्या नाहीत असा घेतला. नंतरच्या एका प्रयोगात वाग्नरनं स्वतःच एका प्रवेशाला मोठ्यानं दाद दिली तेव्हा शेजारच्या श्रोत्यांनी त्यालाच गप्प केलं. पहिल्या अंकानंतर शांत राहण्याची प्रथा अनेक ठिकाणी आजही पाळली जाते.

'बिस' म्हणजे पुन्हा एकदा

पद फार आवडलं की इटालियन श्रोते 'बिस' असा पुकारा करतात आणि गायकानं ते पुन्हा म्हणावं अशी मागणी होते. एकोणिसाव्या शतकात हे रोजचं होतं. त्याविरुद्ध ठाम उभे राहिले ते संचालक आर्तुरो तोस्कानिनी. ऑपेरा ही एकसंध कलाकृती आहे, ती वारंवार तोडणं हा संगीतकाराचा अपमान आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९०३ मध्ये ला स्कालात व्हेर्दीच्या ऑपेराच्या प्रयोगात श्रोते टेनरकडून पद पुन्हा मागू लागले तेव्हा तोस्कानिनी प्रयोग सोडून निघून गेले आणि काही वर्षं त्या नाट्यगृहात परतले नाहीत.

पुढे ला स्कालात 'बिस' बंदच झालं. १९३३ मध्ये रशियन गायक फ्योदोर शाल्यापिन यांनी तिथे एक पद पुन्हा म्हटलं होतं. त्यानंतर थेट २० फेब्रुवारी २००७ ला पेरूचा टेनर हुआन दिएगो फ्लोरेस यानं दोनिझेत्तीच्या एका ऑपेरातलं पद दोनदा गायलं. त्या पदात टेनरचा सर्वांत अवघड मानला जाणारा उंच षड्ज नऊ वेळा येतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा नियम एका गळ्यानं मोडला आणि श्रोते बेभान झाले.

'बिस'चा धोका काय असतो हे 'तोस्का'नंच एकदा दाखवून दिलं. एप्रिल २०१६ मध्ये व्हिएन्नाच्या राज्य ऑपेरात यॉनास काउफमान यांनी तिसऱ्या अंकातलं आपलं पद श्रोत्यांच्या आग्रहावरून पुन्हा म्हटलं. त्यानंतर तोस्कानं प्रवेश करायचा होता, पण अँजेला जॉर्जिउ रंगमंचावर आल्याच नाहीत. वाद्यवृंद वाजत राहिला. काउफमान यांनी सुरातच सोप्रानो आलेली नाही असं गाऊन सांगितलं आणि प्रयोग काही काळ थांबला. एका गायकाला मिळालेल्या उदंड प्रेमानं त्या रात्री नाटकाचा धागा तुटला.

माझं मत तोस्कानिनींच्या बाजूनं झुकतं, पण पूर्ण नाही. हलक्याफुलक्या ऑपेरात, जिथे गळ्याची कसरत हाच आनंदाचा भाग आहे, तिथे फ्लोरेसचं 'बिस' शोभलं. 'तोस्का'च्या तिसऱ्या अंकात मात्र माणूस मृत्यूच्या दारात उभा असतो. तिथे एकदाच ऐकणं हीच त्या पदाला दिलेली दाद आहे.

विकतची दाद

दाद इतकी मोलाची असली की तिचा बाजारही भरतो. पॅरिसच्या ऑपेरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टाळ्या वाजवणाऱ्यांची पगारी टोळी असे. तिचा प्रमुख ऑग्युस्त लव्हासूर तालमींना हजर राही, व्यवस्थापकाशी चर्चा करी आणि कुठे, किती जोरात टाळ्या पडायच्या याची आखणी करी. योग्य जागी हसणारे, रडणारे, 'बिस' ओरडणारे असे वेगवेगळे लोक त्यात असत. गायक या टोळीला पैसे देत, काही वेळा आपलीच हुर्रेवडी होऊ नये म्हणूनही पैसे मोजत. ही प्रथा इटली आणि व्हिएन्नातही पसरली. १८९७ मध्ये व्हिएन्ना ऑपेराची सूत्रं हाती घेतल्यावर गुस्ताव्ह मालर यांनी तिच्याविरुद्ध कडक पावलं उचलली. उशिरा येणाऱ्यांना मधेच आत सोडणंही त्यांनी थांबवलं. आज शांतपणे ऐकणारं जे प्रेक्षागृह आपण पाहतो, ते घडवण्यात अशा माणसांचा वाटा मोठा आहे.

सज्जातले न्यायाधीश

ला स्कालाच्या सर्वांत वरच्या, स्वस्त तिकिटांच्या सज्जाला 'लोज्जोने' म्हणतात. तिथे बसणारे रसिक अनेक वर्षं ऐकून तयार झालेले असतात आणि आपलं मत लपवत नाहीत. १० डिसेंबर २००६ रोजी 'आइदा'च्या प्रयोगात टेनर रोबेर्तो अलान्या यांच्या पहिल्याच पदानंतर वरून हुर्रेवडी झाली. अलान्या रंगमंच सोडून निघून गेले. प्रयोग थांबला नाही. पर्यायी टेनर अंतोनेल्लो पालोम्बी अंगावरच्या जीन्समध्येच रंगमंचावर आले आणि त्यांनी गाणं पुढे नेलं.

अशी कठोरता क्रूर वाटते, आणि पुष्कळदा ती असतेही. पण तिच्यामुळेच तिथली दाद खरी मानली जाते. ७ डिसेंबर २०१९ ला ला स्कालाचा हंगाम 'तोस्का'नं उघडला. तोस्का आना नेत्रेब्को, कावारादोस्सी फ्रांचेस्को मेली, स्कार्पिया लुका साल्सी, संचालन रिकार्दो शायी यांचं. प्रयोग संपल्यावर सुमारे पंधरा मिनिटं टाळ्या थांबल्या नाहीत. त्या लोज्जोनेसमोर मिळालेली ही पंधरा मिनिटं कोणत्याही पुरस्काराहून कमी नव्हती.

पडद्यापुढे येणं

प्रयोगानंतर गायक पडद्यापुढे येतात त्यालाही क्रम असतो. आधी समूहगायक आणि लहान भूमिका करणारे, मग मोठ्या भूमिका, शेवटी नायक-नायिका. नंतर नायिका वाद्यवृंद संचालकाला हात धरून रंगमंचावर आणते आणि तो खड्ड्यातल्या वादकांना उभं राहायला सांगतो. नव्या निर्मितीच्या पहिल्या रात्री दिग्दर्शक आणि नेपथ्यकारही येतात. पुरुष गायकासाठी 'ब्राव्हो', स्त्रीसाठी 'ब्राव्हा' आणि सगळ्यांसाठी मिळून 'ब्राव्ही' असा पुकारा करायची पद्धत आहे.

कधी कधी हा भाग स्वतःच ऐतिहासिक होतो. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी बर्लिनच्या डॉयच ऑपेरमध्ये लुचियानो पाव्हारोत्ती यांना दोनिझेत्तीच्या 'एलिझिर दामोरे'नंतर १६५ वेळा पडद्यापुढे बोलावलं गेलं. टाळ्या एक तास सात मिनिटं चालल्या. गिनीज बुकात याची नोंद आहे. याच पाव्हारोत्तींनी मेट्रोपॉलिटन ऑपेरातला आपला शेवटचा प्रयोग १३ मार्च २००४ रोजी केला, तोही 'तोस्का'तल्या कावारादोस्सीच्या भूमिकेत. ते तेव्हा ६८ वर्षांचे होते आणि त्यांना नीट चालणंही अवघड झालं होतं. श्रोत्यांनी उभं राहून दिलेली ती प्रदीर्घ दाद एका रात्रीच्या गाण्यापुरती नव्हती. त्या रंगमंचावर त्यांनी घालवलेल्या साडेतीन दशकांना दिलेली ती कृतज्ञता होती.

आपला 'वन्स मोअर'

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'नं १८८० मध्ये पुण्यात संगीत रंगभूमीची वाट रुंद केली, आणि पुढे 'वन्स मोअर' हा आपल्या नाट्यगृहांचा श्वास झाला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श मंडळी यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. दोन आघाडीचे गायकनट, दोघांचे कट्टर चाहते आणि एकच रंगमंच. त्या रात्रीच्या आठवणी मराठी रसिकांनी पिढ्यान् पिढ्या जपल्या. अवघ्या तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवरावांचं निधन झालं.

दोन परंपरांत एक मोठा फरक आहे. आपल्या नाट्यपदाला 'वन्स मोअर' मिळाला की गायक त्यात नवी जागा घेतो, नवी तान उलगडतो, पद वाढत जातं. ऑपेरात स्वर, लय आणि वाद्यवृंदाचा प्रत्येक सूर लिहिलेला असतो, त्यामुळे 'बिस'मध्ये तेच पुन्हा ऐकायचं असतं. म्हणून आपल्या रंगभूमीवर 'वन्स मोअर' निर्मितीला चालना देऊ शकला. ऑपेरात तो बहुधा थांबाच ठरतो.

कुठे ऐकावं, कसं ऐकावं

मुंबईत चर्नी रोडजवळ रॉयल ऑपेरा हाउस उभं आहे. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पुढे तिथे चित्रपट चालले, मग ते कित्येक वर्षं बंद राहिलं. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव कमावलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांचं गायन झालं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिथे पुच्चिनीच्या 'ला बोएम'सारखे ऑपेरा उभे राहिले आहेत. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांची चित्रमुद्रणंही तिथे मोठ्या पडद्यावर दाखवली जातात.

भाषेची भीती बाळगू नये. १९८३ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रंगमंचाच्या वर भाषांतराची ओळ दाखवली गेली आणि आता ती जवळपास सगळीकडे असते. 'तोस्का'ला जाण्याआधी कथा वाचून जा, 'विसी दार्ते' दोन वेगवेगळ्या गायिकांच्या आवाजात ऐकून जा. प्रयोगात गायक शेवटचा स्वर सोडतो तेव्हा लगेच टाळ्या वाजवू नका. त्यानंतर वाद्यवृंदाचे जे काही सूर उरलेले असतात तेही पुच्चिनीनंच लिहिलेले आहेत, ते संपू द्या. आणि अखेरचा पडदा पडल्यावर मात्र संकोच करू नका. तीन तास कोणत्याही यंत्राच्या आधाराशिवाय तुमच्यासाठी गायलेल्या माणसांना तुमच्या आवाजाची गरज आहे. उभे राहा आणि मोठ्यानं दाद द्या.